नवसागराचा वास

रविवारी दुपारी पांढुर्ण्याहून सौंसरला फोन करणारा माणूस विरळाच. संत्र्याचे दलाल जेवून आडवे झालेले, कापसाचं जिनिंग बंद, आणि टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर माशा. अशा वेळी यमुनाबाई सोमकुंवर सौंसरच्या लाइनमध्ये दोर खोचायच्या आणि जास्तीचा हेडफोन शेजारच्या स्टुलावर बसलेल्या नवऱ्याच्या हातात द्यायच्या. हे काही सरकारी नियमात बसत नव्हतं. पण सुपरवायझर वामनराव नेमके त्याच वेळी चहाला जायचे. आंधळ्या माणसासाठी आपणही घटकाभर आंधळं झालं तर सरकार बुडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते चूक होतं असं मला तरी वाटत नाही.

"जय भीम, सर," पलीकडून आवाज यायचा.

"जय भीम, कुसुम. दिवा पेटवला?"

आणि रसायनशास्त्राचा तास सुरू व्हायचा.

भाऊराव सोमकुंवर पांढुर्ण्याच्या एका शाळेत केमिस्ट्री शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, हाग्या दम देत शिकवायचे. पोरांना त्यांचा धाक होता आणि त्यांना त्या धाकाचा अभिमान होता. वर्गात त्यांचा प्रश्न सुटला की पन्नास तोंडांतून एकच उत्तर यायचं, "हाव सर." आमच्या भागात 'हो'ला 'हाव' म्हणतात, आणि मास्तरपुढे तर दुसरं काही म्हणायची सोयच नसते. असाच एके दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी गुणवंता नावाच्या पोराला सल्फ्युरिक आम्ल पातळ करायला सांगितलं. पाण्यात आम्ल हळूहळू ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही, हे त्यांनी घसा फोडून सांगितलेलं. "आधी पाणी घेतलंस ना?" त्यांनी विचारलं. "हाव सर," गुणवंता म्हणाला. सरांनी वाकून पाहिलं. गुणवंताने आधी आम्ल घेतलं होतं आणि वरून पाणी ओतत होता. भांडं उसळलं, आणि सरांनी या जगात डोळ्यांनी पाहिलेली ती शेवटची गोष्ट.

नागपूरच्या दवाखान्यात बरेच दिवस गेले. मोठ्या डॉक्टरांनी यमुनाबाईंना बाहेर बोलावून काय ते सांगितलं. त्या आत आल्या तेव्हा भाऊरावांनी पट्टीआडून विचारलं, "येतील ना डोळे?"

"हाव," यमुनाबाई म्हणाल्या. "उजवा येईन म्हणते. जखम पुरी भरू द्या, मंग ऑपरेशन."

त्या एका शब्दावर भाऊराव घरी आले आणि वाट पाहत बसले. जखम भरली, वर्ष गेलं, दुसरं लागलं. ऑपरेशनचा विषय निघाला की यमुनाबाई म्हणायच्या, अजून थांबा म्हणते डॉक्टर. भाऊराव थांबले. शाळेत पुन्हा पाऊल टाकलं नाही. खाट, भिंत, आणि कोनाड्यातलं लाकडी कपाट, एवढंच त्यांचं जग उरलं. त्या कपाटात त्यांच्या बाटल्या होत्या. स्वतःच्या पगारातून, नागपूरहून एकेक करून आणलेले क्षार. भाऊराव रोज त्यांच्यावरून हात फिरवायचे. झाकण मात्र उघडायचे नाहीत, कारण दवाखान्यातून येताना यमुनाबाईंनी तशी शपथच घातली होती. डोळे आले की उघडू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. अन्नावरची वासना मात्र उडाली होती. अर्धी भाकर पानात तशीच राहायची, आणि यमुनाबाई ती न बोलता उचलायच्या.

मग दिवाळीनंतर सौंसरचा ऑपरेटर मनोहर लाइनवर सहज बोलून गेला. बोरगावहून त्याची बहीण शिकायला त्याच्याकडे आली होती. अकरावी बोर्ड, तेव्हा मध्य प्रदेशात अकरावीलाच बोर्ड असायचं. शाळेतल्या केमिस्ट्रीच्या सरांची बदली झालेली, जागा रिकामी. पुस्तक पाठ होईल हो, पण प्रॅक्टिकलचं काय? तिथे बाहेरचा परीक्षक येतो, समोर पांढरी भुकटी ठेवतो, आणि म्हणतो, ओळख. प्रॅक्टिकलला नापास म्हणजे सगळ्यालाच नापास. बाप संत्र्याच्या बागेत मजूर. एक वर्ष पाहीन म्हणाला होता, दुसरं पाहणार नव्हता. पोरीला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं.

"आमच्या घरी बसून आहेत ना एक सर," यमुनाबाई बोलून गेल्या.

असा तो तास जमला. भाऊराव सांगायचे त्या बाटलीतल्या पुड्या यमुनाबाई बांधायच्या, पुड्यांवर आकडे टाकायच्या, आणि सकाळच्या बसचा ड्रायव्हर बापूजी त्या सौंसरला पोचवायचा. कुसुमने शाळेतून चार परीक्षानळ्या आणि लागणारी द्रावणं मागून आणली होती. सौंसरच्या एक्स्चेंजच्या खिडकीत स्पिरिटचा दिवा ठेवून ती प्रयोग करायची, खांद्याने रिसीव्हर कानाशी दाबून. मनोहर मागे पाण्याची बादली घेऊन उभा. सरकारी बोर्ड पेटला तर नोकरी जाईल, ही त्याची भीती खोटी नव्हती.

पहिल्या रविवारी मोरचूद पाठवलं होतं. निळं, संत्र्याच्या झाडांना चुन्यात कालवून फासतात तेच. अमोनिया घालताच गडद निळं झालं, आणि कुसुम फोनवर ओरडलीच, "सर, केवढं सुंदर आहे हो!" भाऊराव घरी येऊन दोन भाकरी जेवले. तिसरी मागितली.

दुसऱ्या रविवारी शिशाचा क्षार होता.

"साका आला?" भाऊरावांनी विचारलं. तळाशी बसतो त्याला पुस्तकात अवक्षेप म्हणतात, पण ते साका म्हणायचे.

"नाही सर. काहीच नाही झालं. पाणी आहे तसंच आहे."

"नीट पाह्य. पिवळा आला असेल."

"नाही सर."

"द्रावण जास्त घाल. हलव. आला ना?"

"नाही दिसून राहिला सर."

भाऊरावांचा आवाज चढला. पुन्हा करायला लावलं, पुन्हा, पुन्हा. शेवटी ते म्हणाले की तुला पाहता येत नाही, डोळे असून पाहता येत नाही, आणि हेडफोन खाली ठेवला. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. पोरीवरचा राग नव्हता तो. आपल्याला दिसत नाही, म्हणून आपल्याला शिकवताही येत नाही, असं त्यांना वाटलं, आणि त्या वाटण्याने ते पार खचले.

पुढच्या रविवारी मात्र सगळं सुरळीत झालं. "पिवळा साका, सर." त्याच्या पुढच्याला "पांढरा, दह्यासारखा, सर." जे यायला हवं ते येत होतं. भाऊराव खुलले. आठवडाभर धडा तोंडाने जुळवत बसायचे, दाढी करायचे, यमुनाबाईंना म्हणायचे, "पोरगी पास झाली तर समज, मी अजून मास्तर आहे." यमुनाबाई "हाव" म्हणायच्या आणि ताटात आणखी भाकर टाकायच्या.

माघ लागला. रस्त्यावरून संत्र्यांचे ट्रक जाऊ लागले. प्रॅक्टिकल तीन आठवड्यांवर आलं, आणि त्या रविवारी नवसागराची पाळी होती.

नवसागर म्हणजे भांड्यांना कल्हई करणारे वापरतात तो. चुन्यात मिसळून तापवला की त्यातून अमोनिया निघतो, आणि त्याचा वास असा की नाकातून थेट टाळूत जातो. भाऊरावांचा हा आवडता प्रयोग. वर्गात शेळपटातलं शेळपट पोरगंही त्या दिवशी जागं व्हायचं.

"तापलं?"

"हाव सर."

"नळी नाकाजवळ ने. आला ना वास?"

"हाव सर. तिखट वास आला. अमोनिया."

यमुनाबाईंनी पुढचा दोर हातात घेतला होता. भाऊरावांनी हेडफोन कानाशी दाबला. लाइनवर नुसती खरखर ऐकू येत होती. मग ते हळू म्हणाले, "कुसुम, तू शिंकली नाहीस."

"सर?"

"खोकली नाहीस. श्वास नाही अडला तुझा. मी पंधरा वर्षं हा वास पोरांना दिला. एकही लेकरू असं सरळ आवाजात बोललं नाही. डोळ्यांत पाणी येते, नाक गळते, पोट्टे हसतात, शिव्या देतात. तू पाठ म्हणल्यासारखं म्हणलं. काय आहे नळीत?"

पलीकडे मनोहरने बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. कुसुम रडू लागली होती. रडताना तिचा आवाज खरा होता, हे भाऊरावांच्या कानाने लगेच ओळखलं.

"मीठ आहे सर," ती म्हणाली. "खायचं. पयल्या पुडीनंतर सगळं मीठच आहे. एकदा तुरटी होती."

भाऊरावांनी हेडफोन काढला. शेजारी यमुनाबाईंचा श्वास ऐकू येत होता. ते काठी घेऊन उठले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच एकटे, भिंती चाचपत, घरापर्यंत गेले.

कपाटातली पहिली बाटली त्यांनी काढली. शपथ मोडली, झाकण फिरवलं, बोट आत घातलं आणि जिभेला लावलं. मीठ. दुसरी काढली. मीठ. तिसऱ्या बाटलीवर त्यांनीच कधीतरी कोरलेली खूण होती, शिशाचा क्षार, विषारी. ती मात्र जिभेला लावताना त्यांचा हात थबकला, आणि मग त्यांनी लावलीच. तीसुद्धा मीठच होती.

ड्यूटी संपवून यमुनाबाई आल्या तेव्हा बाटल्या खाली मांडलेल्या होत्या आणि भाऊराव मध्ये बसले होते.

"कधी?" त्यांनी विचारलं.

यमुनाबाई दारातच बसल्या. "तुमी दवाखान्यात होते तवा. एका रात्रीपुरती घरी आली होती. कपाट उघडलं तं त्या बाटल्या माझ्याकडं पाहून राहिल्या. याहीनंच डोळे खाल्ले म्हणलं. सकाळी मागं खड्डा केला अन् सगळं गाडलं. बाटल्या धुतल्या. मंग तुमी घरी आले तं पयलं काय विचारलं? पाणी नाई मागितलं, जेवण नाई. बाटल्या आहेत ना, म्हणलं तुमी. मी हाव म्हणलं. रिकामी बाटली हाताले कळते, म्हणून मीठ भरलं."

"आणि ती पोरगी?"

"पयलं मोरचूद तेवढं बाजारातून आणलं, मीठ काई निळं नसते. मंग तिले मीच सांगितलं. तुमी जेवले नाई त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी मी लाइनवर घेतलं तिले. पोरी, म्हणलं, पुस्तकात असन ते सांग. माणूस जेवून राहिला होता, पुन्हा थांबला. ती म्हणली, बरं काकू."

भाऊराव पेटले. जे तोंडाला आलं ते बोलले. एका पोरीची परीक्षा तुम्ही दोघींनी मिळून मिठात घातली, म्हणाले. गुणवंताने एकदा खोटं सांगितलं तर माझे डोळे गेले, तू तर रोज सांगतेस, असंही म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच हादरले.

यमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "खोटं बोलली मी, ते कबूल. पण एक सांगू? तुमी विचारता तवाच उत्तर समोरच्याच्या तोंडात देता. दुसरं काई बोललं की तुमचा आवाज चढते. त्या पोरीनं चार डाव नाही म्हणलं होतं. खरं म्हणलं होतं. तुमी काय म्हणले तिले?"

भाऊरावांना आपलेच शब्द ऐकू आले. डोळे असून पाहता येत नाही, असं आपण तिला म्हणालो होतो. तिनं तर नेमकं पाहिलं होतं. मिठाच्या पाण्यात काहीच होत नाही, आणि ती तेच सांगत होती. खरं सांगण्याबद्दल शिव्या खाल्ल्यावर तिने आपल्या जेवणासाठी स्वतःची परीक्षा पणाला लावली. त्यांना गुणवंता आठवला. त्याने कदाचित आधी आम्ल घेतल्याचं ओळखलं असेल, सांगायला तोंडही उघडलं असेल. आपण त्याला विचारलं होतं, की धमकावलं होतं? भाऊराव त्या मांडलेल्या बाटल्यांमध्ये बसून रडले. यमुनाबाईंनी त्यांना रडू दिलं.

सकाळी त्यांनी कोट घातला. "शाळेत चल," म्हणाले.

प्रयोगशाळेचा शिपाई कवडू दारात उभा होता. सरांना पाहून त्याने बाजूला सरून दार पुरतं उघडलं. भाऊरावांनी उंबऱ्यापाशी क्षणभर थांबून आतला वास घेतला, आणि पाय आत टाकला. हेडमास्तरांनी क्षार द्यायला नाही म्हटलं नाही. कोण म्हणणार? भाऊरावांनी एकेक बाटली उघडायला लावली, वासाने, खड्यांच्या स्पर्शाने जे ओळखता आलं ते ओळखलं, आणि जे आलं नाही तिथे सरळ कवडूला विचारलं, "यावर काय लिहिलं आहे ते वाच. माझ्या मनातलं सांगू नको." पुड्या यमुनाबाईंनीच बांधल्या. नाकाला पदर लावून का होईना, पण त्यांनी बांधल्या.

रविवारी भाऊराव लाइनवर आले. पलीकडून कुसुमचं "जय भीम" हळूच आलं.

"पोरी," भाऊराव म्हणाले, "त्या शिशाच्या दिवशी तू खरं सांगितलं तर मी तुला बोललो. चूक माझी होती. आता एकच नियम. मला काय पाहिजे ते सांगायचं नाही. पुस्तकात काय आहे तेही नाही. तुला दिसलं ते. काही नाही दिसलं तर काही नाही. मी ओरडलो तर फोन ठेवून दे."

"फोन कसा ठेवू सर?"

"मनोहर ठेवेल. दिवा पेटव. नवसागर आहे."

थोडा वेळ नुसती खरखर. मग लाइनवर असा काही खोकला उसळला की यमुनाबाईंनी हेडफोन कानापासून दूर धरला. खोकला, शिंका, मागे मनोहरची बोंब, "बाप्पा, काय आहे हे!", बादली पडल्याचा आवाज, आणि मग त्या सगळ्यातून कुसुमचं हसू. हसता हसता तिला बोलता येत नव्हतं. भाऊरावही हसले. त्यांच्या त्या काळवंडलेल्या पापण्यांखालून पाणी आलं. यमुनाबाईंनी ते पाहिलं आणि तोंड बोर्डाकडे फिरवलं.

मग रविवारची वाट पाहायची नाही, असं ठरलं. वामनरावांना रोज दुपारी चहाची तल्लफ येऊ लागली. कुसुम चुकायची, पुन्हा करायची. "माहीत नाही सर," असं म्हणायला ती शिकली, आणि ते ऐकून न चिडायला भाऊराव शिकले. दोघांनाही ते जडच गेलं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी भाऊराव सकाळपासून स्टुलावर बसून होते. जेवायलाही उठले नाहीत. वामनराव आज चहाला गेले नाहीत, तेही तिथेच टेकले. दुपार कलल्यावर सौंसरचा दिवा लागला. यमुनाबाईंनी दोर खोचला.

"सर, झालं."

"काय होतं?"

"पुडी पांढरी होती. सिल्व्हर नायट्रेट घातलं तं साका आला. परीक्षक फिरत फिरत आले. माझ्या नळीकडं पाह्यलं अन् म्हणले, पांढरा आहे ना? शेजारच्या सगळ्या पोरी पांढरा म्हणल्या होत्या सर."

भाऊरावांनी स्टुलाची कड घट्ट धरली. "तू काय म्हणलं?"

"मी नळी खिडकीजवळ नेली. पांढरा नव्हता. लोण्यासारखा होता, फिक्का पिवळा. मी म्हणलं, नाही सर."

"मग?"

"ते म्हणले, पुन्हा पाह्य. आवाज चढवून म्हणले. मी पुन्हा पाह्यलं. म्हणलं, नाही सर, पिवळाच आहे, हा ब्रोमाइड आहे."

"आणि ते?"

"त्याहीनं कागदावर काईतरी लिहिलं."

"काय लिहिलं?"

"दिसलं नाही सर," कुसुम म्हणाली.

भाऊरावांनी स्टुलाची कड सोडली. पंधरा वर्षं शिकवून जे एकाही पोराला आलं नव्हतं, ते या पोरीला आलं होतं. पास की नापास, ते जूनमध्ये कळायचं होतं. त्यांच्यापुरता निकाल लागला होता. "शाबास," एवढंच ते म्हणाले, आणि तेही नीट उमटलं नाही.

यमुनाबाईंनी दोर काढला. वामनराव नाक पुसत बाहेर निघून गेले. रस्त्यावरून संत्र्यांनी भरलेला एक ट्रक गेला आणि त्याचा वास खिडकीतून आत आला.

भाऊराव हेडफोन मांडीवर घेऊन बसले होते. मग त्यांनी तोंड बायकोच्या दिशेने वळवलं. आवाज चढवला नाही. उत्तरही तिच्या तोंडात दिलं नाही.

"यमुना," ते म्हणाले, "नागपूरला डॉक्टर काय म्हणले होते?"

यमुनाबाईंचा हात बोर्डावर थांबला. एक दिवा लागला, कुणीतरी लाइन मागत होतं, त्यांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला.

"येणार नाई म्हणले," त्या म्हणाल्या. "दोन्ही नाई."